पेनरिनच्या किल्ल्याचा जमाखर्च

वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावर, बँगर शहराच्या वेशीवरच पेनरिनचा किल्ला उभा आहे. किल्ला म्हणायचं ते रूपावरून. या तटांनी एकही वेढा पाहिलेला नाही. १८२० च्या सुमारास बांधकाम सुरू झालं, पुढची बारा-तेरा वर्षं चाललं आणि टॉमस हॉपर या वास्तुविशारदानं सातशे वर्षांपूर्वीच्या नॉर्मन सरदारांची गढी एका धनाढ्य जमीनदाराच्या राहत्या घरासाठी नव्यानं उभी केली. अवाढव्य बुरूज, गोल कमानी, दगडात इतकं दाट कोरीवकाम असलेला जिना की पायऱ्या चढताना नजर कुठे ठरत नाही. खर्च सुमारे दीड लाख पौंड झाला असावा असा अंदाज सांगतात. १८५९ मध्ये व्हिक्टोरिया राणी इथे मुक्कामाला आली. किल्ल्यात स्लेटच्या दगडाचा एक टनभर वजनाचा पलंग आहे. तो राणीसाठी घडवला होता आणि तिनं त्यावर झोपायला नकार दिला, ही गोष्ट इथे येणाऱ्या प्रत्येकाला ऐकायला मिळते.

१९५१ पासून हा किल्ला ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. तेव्हापासून तो पाहायला येणाऱ्या माणसाला दालनं, चित्रं, झुंबरं, भटारखाना, बाग असं सगळं दाखवलं जातं. माझा मुद्दा साधा आहे. या घराची गोष्ट दिवाणखान्यातून सुरू करणं चूक आहे. ती जमैकातल्या उसाच्या मळ्यातून सुरू झाली पाहिजे, तिथून स्लेटच्या खाणीत आली पाहिजे आणि मगच जिन्यावर चढली पाहिजे. याच क्रमानं पैसा आला होता.

पेनंट घराण्याचा जमैकाशी संबंध सतराव्या शतकातला. इंग्रजांनी १६५५ मध्ये ते बेट स्पेनकडून हिसकावलं आणि पुढच्या काळात गिफर्ड पेनंट यानं तिथे जमिनी जमवल्या. क्लॅरेंडन परगण्यात या घराण्याचे उसाचे मळे उभे राहिले. घराणं इंग्लंडला परतलं आणि मळे मुकादमांच्या व मुखत्यारांच्या हाती राहिले. साखर लिव्हरपूलला उतरायची, पैसा घरी यायचा. गिफर्डचा वंशज रिचर्ड पेनंट (१७३७–१८०८) कधीही जमैकाला गेला नाही. त्याला जायची गरज पडली नाही. तो पत्रं लिहायचा. गुरांवर आणि निग्रोंवर कामाचा फार ताण पडू नये, अशी सूचना त्यानं आपल्या माणसांना केलेली आढळते. त्याच्या दयाळूपणाचा पुरावा म्हणून हे वाक्य पुढे केलं जातं. मला त्यातला क्रम दिसतो. आधी गुरं, मग माणसं, आणि दोन्ही एकाच वाक्यात, एकाच मालमत्तेच्या यादीत.

हाच रिचर्ड पेनंट लिव्हरपूलचा खासदार होता. वेस्ट इंडीजमधल्या मळेवाल्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या समितीचं अध्यक्षपद त्याच्याकडे होतं. गुलामांच्या व्यापारावर बंदी आणायचा प्रश्न संसदेत आला तेव्हा त्यानं तो व्यापार वाचवण्यासाठी सभागृहात उभं राहून बाजू मांडली. लग्नानं त्याला पेनरिनच्या जहागिरीतला वाटा मिळाला होता, उरलेला त्यानं नंतर मिळवला. मग १७८० च्या दशकात तो जहागिरीतल्या स्लेटच्या डोंगराकडे वळला. तोवर आसपासची माणसं थोडंसं भाडं भरून आपापल्या जागी दगड काढत, फोडत आणि विकत. रिचर्डनं ते भाडेपट्टे विकत घेऊन मोडले आणि त्याच माणसांना मजुरीवर ठेवलं. रस्ता काढला, बंदर बांधलं, १८०१ मध्ये खाणीपासून बंदरापर्यंत घोड्यांनी ओढायच्या डब्यांसाठी रूळ टाकले.

आपल्या पिढीतल्या पुष्कळांनी शाळेत ज्या दगडी पाटीवर बाराखडी गिरवली, तो हाच दगड. तसल्या पाट्याही इथे होत, पण खरा धंदा छपरांचा. औद्योगिक क्रांतीनं जी शहरं फुगवली त्यांच्या चाळवजा घरांवर उत्तर वेल्सची स्लेट चढली. आकारमानानुसार कौलांना नावं होती : राणी, डचेस, काउंटेस, लेडी. डोंगराच्या कड्यावर दोरीला लोंबकळून माणसं सुरुंगाची भोकं पाडत, आणि खाली काउंटेस आणि डचेस मोजल्या जात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही जगातली सर्वांत मोठी स्लेटची खाण होती. जवळपास मैलभर लांब, शेकडो फूट खोल, पायऱ्यापायऱ्यांनी कापलेली, आणि जवळजवळ तीन हजार माणसं कामावर.

म्हणजे खाणीला लागलेलं भांडवल साखरेतून आलं, आणि किल्ला खाण व साखर या दोघांनी मिळून बांधला. रिचर्डला मूल नव्हतं. त्याचा नातलग जॉर्ज डॉकिन्स वारस झाला, त्यानं पेनंट हे आडनाव जोडून घेतलं आणि किल्ला त्यानं बांधला. बांधकामाच्या तारखा मी मुद्दाम जमैकाच्या तारखांशेजारी ठेवतो. १८३१ च्या नाताळात सॅम्युअल शार्प या बाप्टिस्ट धर्मोपदेशकाच्या नेतृत्वाखाली जमैकाच्या पश्चिम भागातल्या हजारो गुलामांनी काम थांबवलं. मजुरी द्या, मगच ऊस तोडू, ही त्यांची मागणी. त्याचं बंड झालं, बंड चिरडलं गेलं, आणि मे १८३२ मध्ये शार्पला फाशी दिली. त्या वर्षी पेनरिनमध्ये काम चालू होतं.

१८३३ मध्ये ब्रिटिश संसदेनं गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला आणि भरपाईसाठी २ कोटी पौंड बाजूला काढले. ही भरपाई मालकांना होती. जॉर्ज डॉकिन्स-पेनंटला ७६४ माणसांबद्दल १४,६८३ पौंड, १७ शिलिंग आणि २ पेन्स मिळाले. माणशी १९ पौंडांपेक्षा जरा जास्त. त्या ७६४ जणांना एक पेनीही मिळाली नाही. उलट १८३८ पर्यंत ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्यांना त्याच मळ्यांत बिनमजुरीनं राबावं लागलं. भरपाईसाठी सरकारनं जे कर्ज काढलं त्याचा शेवटचा हप्ता २०१५ साली फिटला. म्हणजे आज बँगरमध्ये किंवा बर्मिंगहॅममध्ये कर भरणाऱ्या माणसानंही ते फेडलंय, आणि त्यात जमैकातून ब्रिटनमध्ये आलेल्या कुटुंबांतले कामगार, परिचारिका, बसचालकही आले. जुनं झालं, विसरा, असं म्हणणाऱ्यांनी या एका तारखेकडे तरी पाहावं.

भारतीय वाचकानं ही परदेशातली गोष्ट म्हणून बाजूला ठेवू नये. गुलाम मोकळे झाले तेव्हा मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते, आणि ते आपल्याकडून गेले. कलकत्त्याहून निघालेलं ब्लंडेल हे जहाज मे १८४५ मध्ये जमैकाच्या ओल्ड हार्बर बे इथे गिरमिट्यांना, म्हणजे करारानं बांधलेल्या मजुरांना, घेऊन लागलं. हे बंदर क्लॅरेंडनपासून फार दूर नाही. १९१७ पर्यंत सुमारे ३६,००० भारतीय जमैकात उतरवले गेले, बहुतेक उत्तर प्रदेश आणि बिहारकडचे. ज्या उसानं पेनरिनची तिजोरी भरली, त्या उसाच्या पुढच्या हंगामांना आपली माणसं जुंपली गेली.

आता खाणीकडे. बेथेस्डा हे खाणकामगारांचं गाव. १८२० मध्ये बांधलेल्या एका प्रार्थनाघराच्या नावावरून गावाला नाव पडलं. माणसं वेल्श बोलणारी, चर्च ऑफ इंग्लंडपासून वेगळ्या पंथांची, वाचनाची आणि समूहगानाची आवड असलेली. मालक इंग्रजी बोलणारा, चर्च ऑफ इंग्लंडचा, राजकारणात हुजूर पक्षाचा. हमरस्त्याची एक बाजू जहागिरीच्या मालकीची होती आणि तिथे दारूचं दुकान चालू द्यायचं नाही असा दंडक होता, म्हणून आजही गावातल्या जुन्या पबच्या इमारती रस्त्याच्या एकाच बाजूला आहेत. माणसानं कुठे प्यावं, कुणाला मत द्यावं, कुठल्या देवळात जावं, सगळ्यावर किल्ल्याची नजर.

१८७४ मध्ये उत्तर वेल्सच्या खाणकामगारांची संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी पेनरिनमध्ये कामगारांच्या समितीला मान्यता मिळाली. १८८५ मध्ये नवा व्यवस्थापक ई. ए. यंग आला आणि ती मान्यता काढून घेतली गेली. १८९६ मध्ये तंटा पेटला, अकरा महिने खाण बंद राहिली आणि कामगार हरून परतले. २२ नोव्हेंबर १९०० रोजी सुमारे २,८०० माणसं पुन्हा खाणीबाहेर पडली. खाणीचा तेव्हाचा मालक लॉर्ड पेनरिन संघटनेशी एका टेबलावर बसायला तयार नव्हता. कामगारांची बाजू जाहीरपणे मांडणाऱ्या डब्ल्यू. जे. पॅरी यांच्यावर त्यानं अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९०३ मध्ये ५०० पौंडांची भरपाई जिंकली. जून १९०१ मध्ये सुमारे चारशे जण कामावर परतले. मालकानं प्रत्येकाच्या हातावर सोन्याचं एक नाणं ठेवलं. त्यानंतर बेथेस्डाच्या खिडक्यांत छापील कार्डं दिसू लागली : ‘या घरात कुणी फितूर नाही.’ ज्या घराच्या खिडकीत कार्ड नाही ते घर कुणाचं, हे सगळ्यांना कळत होतं. भाऊ भावाशी बोलेनासा झाला, प्रार्थनाघरं फुटली, गावात पोलीस आणि सैनिक आले. गावातल्या गायकवृंदांनी ब्रिटनभर फिरून गाणी म्हटली आणि संपकऱ्यांच्या चुलींसाठी पैसे जमवले. कित्येक जण दक्षिण वेल्सच्या कोळसा खाणींकडे निघून गेले. नोव्हेंबर १९०३ मध्ये संप मोडला. अनेकांना पुन्हा कामावर घेतलंच नाही. स्लेटचा धंदा तेव्हापासून जो उतरणीला लागला तो सावरला नाही.

गिरणगावात वाढलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. १८ जानेवारी १९८२ नंतर ज्यांच्या घरातली भांडी विकली गेली, ज्यांनी गावाला जाऊन पुन्हा नांगर धरला, ज्यांना कामावर परतलेल्या शेजाऱ्याचं काय करायचं ते कळलं नाही, त्यांना बेथेस्डातली ती खिडकी ओळखीची वाटेल. हरलेला संप गावात तीन-चार पिढ्या राहतो. किल्ला जनतेसाठी खुला झाल्यावरही बेथेस्डातली कित्येक माणसं पुढची अनेक वर्षं त्याच्या फाटकातून आत गेली नाहीत. घरापासून पाच-सहा मैलांवर देशोदेशीचे पर्यटक येत होते आणि ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी हा पैसा डोंगरातून काढला ती माणसं जात नव्हती. कोणत्याही वारसास्थळाच्या व्यवस्थापनानं याला आपल्या कामातलं सगळ्यात मोठं अपयश मानायला हवं होतं.

सप्टेंबर २०२० मध्ये नॅशनल ट्रस्टनं आपल्या ताब्यातल्या वास्तूंचे गुलामगिरी आणि वसाहतवादाशी असलेले संबंध मांडणारा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात ९३ ठिकाणं होती, पेनरिन त्यांतलं एक. काही खासदार आणि स्तंभलेखक खवळले. ट्रस्टनं घरं सांभाळावीत, राजकारण करू नये, असा सूर लागला. धर्मादाय संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाकडे तक्रारी गेल्या आणि मार्च २०२१ मध्ये आयोगानं सांगितलं की ट्रस्टनं कायदा मोडलेला नाही. वाद तेवढ्यानं संपला नाही. त्यातला एक आक्षेप मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो : त्या काळच्या माणसांना आजच्या मापानं मोजू नका.

मान्य, त्या काळच्याच मापानं मोजू. १७८७ मध्ये लंडनमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध समिती स्थापन झाली. १७९२ मध्ये एकट्या त्या वर्षी संसदेकडे या व्यापाराविरुद्ध ५१९ अर्ज गेले, त्यांवर लाखो सामान्य माणसांच्या सह्या होत्या. कित्येक घरांनी वेस्ट इंडीजची साखर चहात घालणं सोडलं. रिचर्ड पेनंटला सभागृहात उभं राहून व्यापाराची बाजू लढवावी लागली, ती समोर दुसरी बाजू होती म्हणूनच. ज्या गोष्टीत कुणालाच काही वावगं दिसत नाही तिचा बचाव करायची वेळ कुणावर येत नाही. आणि ‘त्या काळची माणसं’ म्हणताना सॅम्युअल शार्प त्यांत धरायचा की नाही? मळ्यावरच्या ७६४ जणांचं मत धरायचं की नाही? की तो काळ फक्त मालकांचा होता?

घराण्यानं चांगलीही कामं केली, हे खरं आहे. शाळा, चर्चं, खाणकामगारांसाठी इस्पितळ, रस्ते. ती सांगावीत, त्यांत लपवण्यासारखं काही नाही. पण ज्याचा डोंगर, ज्याची मजुरी, ज्याच्या हातात माणसाला कामावरून काढण्याचा अधिकार, त्यानं इस्पितळ बांधलं तर त्याचा खर्चही त्याच वहीतून आलेला असतो.

खरी अडचण मला वेगळीच दिसते. वेल्सनं संपाची आठवण जपली. शाळेत ती शिकवली जाते, तिच्यावर नाटकं होतात, जुलै २०२१ मध्ये वायव्य वेल्सचा स्लेटचा प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला आणि त्यात पेनरिनची खाण व बेथेस्डा आहे. हे सगळं योग्य आहे, हक्काचं आहे. पण या कथेत वेल्श कामगार पीडित आणि इंग्रजाळलेला लॉर्ड जुलमी, एवढी दोनच पात्रं उरतात. तिसरं पात्र समुद्रापलीकडे राहतं. त्याच्या बाजूनं कुठल्या गायकवृंदानं दौरा काढला नव्हता. खाणीचा रस्ता, रूळ, बंदर हे ज्या भांडवलावर उभं राहिलं त्यात त्याच्या पाठीवरचे वळ आहेत, आणि बेथेस्डाच्या रोजगाराचा पायाही तिथेच आहे. हे म्हणताना संपकऱ्यांचं मोठेपण तसूभर कमी होत नाही. ज्यांनी तीन वर्षं उपाशी राहून मान वाकवली नाही त्यांच्या नातवंडांना हे ऐकवण्याइतका विश्वास ठेवायला हरकत नाही. मला वाटतं, ती माणसं हे आपल्यापेक्षा लवकर समजून घेतील.

ट्रस्टनं गेल्या काही वर्षांत पेनरिनमध्ये साखरेची आणि गुलामगिरीची माहिती मांडायला सुरुवात केली, स्थानिक शाळांना आणि कलावंतांना बोलावलं. सुरुवात म्हणून ते चांगलं आहे. पण बाजूच्या खोलीतलं प्रदर्शन ही पळवाट होऊ शकते. पर्यटक मुख्य दालन पाहून भारावतो, प्रदर्शनात दोन मिनिटं गंभीर होतो आणि मग उपाहारगृहात जातो. दिवाणखाना जसाच्या तसा निष्पाप राहतो.

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात असं मला ठामपणे वाटतं. पहिली, किल्ल्यात पाय ठेवताच, जिन्यापाशी, त्या ७६४ माणसांची नावं असावीत. नावं मिळत नाहीत ही सबब चालणार नाही. १८१७ पासून जमैकातल्या प्रत्येक मळ्याला आपल्या गुलामांची नोंद द्यावी लागे : नाव, वय, वर्ण, आफ्रिकेत जन्म की बेटावर. नंतर दर तीन वर्षांनी जन्म, मृत्यू आणि खरेदी-विक्रीचे फरक नोंदवले जात. त्या वह्या लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पहिल्या यादीत नंतरचे फरक मिळवत गेलं की १८३० च्या दशकातली माणसं हाती लागतात. काम चिकाटीचं आहे, अशक्य नाही.

दुसरी, किल्ला दाखवणाऱ्यांत बेथेस्डाची माणसं असावीत, पगारावर, आणि काय सांगायचं हे ठरवण्यात त्यांचा वाटा असावा. आज खाणीच्या खड्ड्यावरून झिप लाइनला लटकून पर्यटक भन्नाट वेगानं जातात आणि खाली शेजारीच अजून स्लेट निघत असते. खाण पाहायला आलेला तो पर्यटक आणि किल्ला पाहायला आलेला पर्यटक यांना एकाच दिवसात, एकाच तिकिटावर नेता येईल. बंदर, रूळमार्ग, गाव, खाण आणि शेवटी किल्ला, या क्रमानं.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. पेनरिनचे कागद, म्हणजे जमैकाच्या मुखत्यारांची पत्रं, मळ्यांचे हिशेब, गुलामांच्या याद्या, आज बँगर विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहेत. १८८४ मध्ये हे विद्यापीठ उभं राहिलं तेव्हा खाणकामगारांनी आपल्या पगारातून वर्गणी दिली होती. ज्यांच्या पै-पैनं ते उभं राहिलं त्यांच्या संस्थेत मालकाची वही जपली जाते, हे मला मोलाचं वाटतं. पण क्लॅरेंडनमधल्या माणसाला ती वाचायला वेल्सला यावं लागू नये. डेन्बी हे वेल्समधल्या गावाचं नाव पेनंटांच्या एका मळ्याला होतं. आज त्याच नावाच्या जागेवर, मे पेन गावात, जमैकाचं मोठं कृषी प्रदर्शन भरतं. आसपासच्या कित्येक कुटुंबांचे पूर्वज या याद्यांत असणार. प्रत्येक पानाची छायाप्रत विनामूल्य ऑनलाइन असावी, एक संच मे पेनच्या ग्रंथालयात असावा, आणि किल्ल्याच्या प्रत्येक तिकिटामागे ठरावीक रक्कम त्या कामासाठी आणि क्लॅरेंडनमधून येणाऱ्या अभ्यासकांच्या प्रवासासाठी वेगळी काढावी. १८३० च्या दशकात भरपाईचे पैसे कुणाकडे पाठवायचे हे संसदेला शिलिंग-पेन्सपर्यंत ठरवता आलं होतं. आताही रक्कम किती आणि पत्ता कुठला, हे लिहून काढता येईल.